समोरचा दात म्हणजे दाढ नव्हे

दात गेला की इम्प्लांट हाच एक आधुनिक उपाय. सकाळी दात काढायचा, संध्याकाळी नवा लावून घरी जायचं. जितके दात गेले तितके स्क्रू जबड्याच्या हाडात बसवायचे, आणि एकदा खर्च केला की जन्माची काळजी मिटली. ही चार विधानं आज मुंबईत पत्रकांवर, मोबाइलवरच्या जाहिरातींत आणि दवाखान्यांच्या पाट्यांवर इतक्या वेळा वाचायला मिळतात की लोकांना ती शास्त्राने सिद्ध केलेली वाटू लागली आहेत. गिरगावात गल्लोगल्ली दातांचे दवाखाने आहेत आणि तिथे जाणारा माणूस बऱ्याचदा हीच विधानं डोक्यात घेऊन जिना चढतो.

दाढेच्या बाबतीत त्यातलं थोडंफार खरं ठरू शकतं. वरच्या जबड्यातल्या समोरच्या दातांच्या बाबतीत मात्र चारही विधानं दिशाभूल करणारी आहेत. दाढेची चूक गालाआड झाकली जाते. पटाशीच्या दाताची चूक प्रत्येक हसण्यात आणि प्रत्येक फोटोत दिसते, आणि ती दुरुस्त करणं मूळ उपचारापेक्षा कितीतरी अवघड असतं.

इम्प्लांट हा मोठा शोध आहे याबद्दल वादच नाही. स्वीडनमधल्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणं परत काढता येईनात, कारण हाड धातूला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली वारले तेव्हाही ते काम देत होते. 'आयुष्यभराचा दात' असं म्हणणारे याच उदाहरणाचा आधार घेतात. पण लार्सन यांना जन्मतः जबड्याचा दोष होता, दात नव्हते, नीट खाताबोलता येत नव्हतं. त्यांना चावता येणं हेच त्या उपचाराचं यश होतं. दोन दातांमधली हिरडीची टोकदार कमान टिकली का, शेजारच्या दाताच्या रेषेत हिरडी राहिली का, हे प्रश्न तिथे कोणाला पडलेच नव्हते. खालच्या जबड्याचं कठीण हाड आणि वरच्या जबड्याच्या पुढचं पातळ हाड यांच्यातही मोठा फरक आहे. एका ठिकाणचं यश दुसऱ्या ठिकाणची हमी म्हणून दाखवणं गैर आहे.

हा पातळपणा किती, ते आकड्यांत पाहायला हवं. समोरच्या वरच्या दाताच्या मुळाला ओठाच्या बाजूने झाकणारी हाडाची भिंत बहुतेक माणसांत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, अनेकांत अर्ध्या मिलिमीटरहून कमी. सीबीसीटी म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन सर्रास होऊ लागल्यावर हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं. ही भिंत दाताच्या मुळाभोवतीच्या तंतूंवर आणि त्यातल्या रक्तपुरवठ्यावर जगते. मूळ निघालं की तिचा आधार तुटतो आणि ती विरघळू लागते. दात काढल्यावर वर्षभरात त्या जागी जबड्याची रुंदी सुमारे निम्म्याने घटते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते, हे २००३ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात मोजलं गेलं आहे.

इथे 'आजच काढा, आजच बसवा' म्हणणाऱ्यांचा आवडता युक्तिवाद येतो : म्हणूनच तर लगेच इम्प्लांट घालायचा, म्हणजे हाड वाचतं. ऐकायला हे पटतं. १९९०च्या दशकात अनेक तज्ज्ञही असंच मानत होते. पण २००५ साली आराऊजो, लिंढे आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या जबड्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की दात काढल्या काढल्या इम्प्लांट घातला तरी ओठाच्या बाजूची भिंत खचायची ती खचतेच. टायटॅनियम हाडाला चिकटतं, पण मुळाचे तंतू जे काम करत होते ते त्याला जमत नाही. आता वीस वर्षं उलटून गेली तरी तोच जुना युक्तिवाद रुग्णांना ऐकवला जातो आहे.

परिणाम काय होतो? २०१४ साली चेन आणि बुझर यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. दात काढल्याबरोबर बसवलेल्या समोरच्या इम्प्लांटमध्ये एक ते तीन वर्षांत हिरडी एक मिलिमीटरपेक्षा जास्त वर सरकल्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ९ ते ४१ टक्के होतं, मध्य आकडा २६. म्हणजे साधारण चारातल्या एकाचा दात शेजारच्या दातापेक्षा लांब दिसू लागला. हसताना हिरडी दिसणाऱ्या माणसाला हा मिलिमीटर फार मोठा असतो.

तत्काळ इम्प्लांट सगळ्यांसाठीच चूक आहे असं मात्र मुळीच नाही. ओठाच्या बाजूची भिंत शाबूत आणि एक मिलिमीटरहून जाड असेल, हिरडी जाड असेल, पू किंवा तीव्र संसर्ग नसेल, मुळाच्या टोकापलीकडे आणि टाळूच्या बाजूला स्क्रू घट्ट धरायला पुरेसं हाड असेल आणि इम्प्लांट व भिंत यांच्यातली पोकळी हाडाच्या पुडीने भरली जाणार असेल, तर अनुभवी हातांत तो उत्तम ठरतो. पण या सगळ्या अटी एकाच माणसात जुळणं वरच्या पुढच्या दातांत विरळाच. बाकीच्यांसाठी चार ते आठ आठवडे थांबून, हिरडी भरून आल्यावर, हाडाच्या भरावासह इम्प्लांट बसवणं जास्त भरवशाचं असतं. ज्याने स्कॅन न करता, हिरडीची जाडी न पाहता पहिल्याच भेटीत 'आजच बसवू' म्हटलं, त्याने रुग्णाला सोयीचं वेळापत्रक दिलं, उपचाराचा विचार मात्र केला नाही.

घाईचं कारण बऱ्याचदा दवाखान्याबाहेर असतं. लग्नाची तारीख ठरलेली असते, नोकरीची मुलाखत असते, गिरगावच्या साहित्य संघात नाटकाचा प्रयोग लागलेला असतो. समोरच्या दाताशिवाय माणूस 'फ', 'व' नीट म्हणू शकत नाही, 'स' शीळ घालतो. नटाला, शिक्षिकेला, दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला हे परवडत नाही. या अडचणीवर उत्तर आहे आणि ते स्वस्त आहे : तात्पुरता काढता-घालता दात, किंवा शेजारच्या दाताला चिकटवलेला तात्पुरता दात. तो एक-दोन दिवसांत मिळतो. तो लावून लग्न पार पडतं आणि हाडाला, हिरडीला आपला वेळ मिळतो. हा पर्याय रुग्णासमोर ठेवला की घाईची निम्मी कारणं तिथेच संपतात. तो ठेवला जात नाही, हीच तक्रार आहे.

'जितके दात तितके इम्प्लांट' हे तिसरं विधान तर समोरच्या दातांत सर्वात जास्त नुकसान करतं. दोन दातांच्या मधल्या फटीत हिरडीची जी टोकदार कमान असते, ती तिच्याखालच्या हाडावर उभी असते. अमेरिकेतले डेनिस टार्नो यांनी १९९२ साली नैसर्गिक दातांवर मोजमाप करून दाखवलं की दातांच्या स्पर्शबिंदूपासून हाडापर्यंतचं अंतर पाच मिलिमीटर किंवा कमी असेल तर ती कमान जवळपास नेहमी भरलेली असते. सहा मिलिमीटर झालं तर निम्म्याहून थोड्या जास्त जागी, सात झालं तर जेमतेम पाव जागी. २००३ साली त्यांनी दोन शेजारी-शेजारी इम्प्लांटमधली कमान मोजली. तिथे हाडावर हिरडीची सरासरी उंची ३.४ मिलिमीटरच भरली. याचा अर्थ असा की मधले दोन पटाशीचे दात गेले आणि त्यांच्या जागी दोन इम्प्लांट बसवले, तर मधोमध काळा त्रिकोण राहण्याची शक्यता मोठी असते. चेहऱ्याच्या मध्यरेषेवर तो त्रिकोण कोणत्याही कॅपने पूर्ण लपत नाही.

म्हणूनच चार पटाशीचे दात एकदम गेलेल्या रुग्णाला चार स्क्रू सुचवले जातात तेव्हा त्याने थांबून विचारावं. अशा जागी साधारणतः दोन्ही बाजूंच्या दुसऱ्या पटाशीच्या दातांच्या जागी एकेक इम्प्लांट आणि त्यावर चार दातांचा ब्रिज, ही मांडणी हिरडीला जास्त मानवते. मधल्या जागेत इम्प्लांट नसला की तिथली हिरडी आकार देऊन कमानीसारखी दिसेल अशी करता येते. शेजारी-शेजारचे दोन दात गेले असतील तर एका इम्प्लांटवर एक दात आणि त्याला जोडून दुसरा, असाही मार्ग काही रुग्णांत बसतो. स्क्रू कमी, शस्त्रक्रिया लहान, खर्च कमी आणि दिसायलाही चांगलं. मुंबईत एका इम्प्लांटचा कॅपसकट खर्च कुठे पंचवीस-तीस हजार तर कुठे लाखाच्या घरात जातो. अशा वेळी स्क्रूंची संख्या ही केवळ शास्त्राची बाब उरत नाही, आणि म्हणूनच ती रुग्णाने तपासायची बाब होते.

आता पहिल्या विधानाकडे : इम्प्लांट हाच एकमेव आधुनिक उपाय. एक समोरचा दात गेलेल्या आणि शेजारचे दात निरोगी असलेल्या माणसाला आज एक असा पर्याय आहे ज्याचं नावही बहुतेक गिरगावकरांनी ऐकलेलं नसतं. शेजारच्या एकाच दाताच्या मागच्या बाजूला झिरकोनियाचा पातळ पंख चिकटवायचा आणि त्याला नवा दात जोडलेला असतो. शस्त्रक्रिया नाही, शेजारचा दात जवळपास घासावा लागत नाही. याचे पूर्वज सत्तरच्या दशकापासून आहेत. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठामुळे ते 'मेरीलँड ब्रिज' म्हणून ओळखले गेले आणि पटकन सुटतात म्हणून बदनामही झाले. तेव्हा पंख धातूचे असत आणि बहुधा दोन्ही बाजूंच्या दातांना चिकटवले जात. दोन दात चावताना वेगवेगळे हलतात, त्यामुळे एका बाजूचं सिमेंट नकळत सुटायचं आणि आत कीड लागायची.

जर्मनीतल्या कील विद्यापीठातल्या मथियास केर्न यांनी एकच पंख ठेवून पाहिला. दोन पंखांपेक्षा एक पंख जास्त टिकतो, हे ऐकायला उलटंच वाटतं. पण त्यांच्या रुग्णांत एका पंखाच्या झिरकोनिया दातांपैकी दहा वर्षांनंतर सुमारे ९८ टक्के टिकून होते. तुलनेसाठी, एका दाताच्या इम्प्लांटचं दहा वर्षांचं टिकण्याचं प्रमाण मोठ्या आढाव्यात ९५ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्यावरच्या कॅपचं ८९च्या आसपास. दोन्ही आकडे वेगवेगळ्या रुग्णांवरचे आहेत, त्यांची सरळ शर्यत लावणं बरोबर नाही. पण पंखाचा दात हा गरिबाचा जुना तोडगा आहे आणि इम्प्लांट हाच खरा उपाय आहे, असं सांगायला या आकड्यांत काहीही आधार नाही. ज्यांच्या दातांचा चावा खोल आहे, जे झोपेत दात खातात, किंवा ज्यांच्या शेजारच्या दाताला चिकटवायला पुरेसं इनॅमल उरलेलं नाही, त्यांना हा चालत नाही. इतरांना तो किमान सांगितला तरी गेला पाहिजे.

वाढत्या मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न नैतिकच होतो. गल्लीतलं क्रिकेट, दहीहंडीचे थर, चाळीच्या जिन्यावरून पडणं यांत समोरचेच दात जातात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला 'बारावीच्या आत कायमचा दात लावून टाकू' म्हणत इम्प्लांट सुचवला जातो तेव्हा पालकांनी ठाम नकार द्यावा. नैसर्गिक दात जबड्याबरोबर वाढतो, हलतो, खाली उतरतो. इम्प्लांट हाडात रुतून जागच्या जागी राहतो. चार-पाच वर्षांत शेजारचे दात खाली येतात आणि इम्प्लांटचा दात वर अडकलेला, आखूड दिसू लागतो. जिनिव्हातल्या संशोधकांनी २००४ साली दाखवलं की प्रौढ माणसांतही शेजारचे दात असे सरकतात. म्हणजे वाढ थांबल्यानंतरही जोखीम पूर्ण जात नाही. शाळकरी मुलासाठी एका पंखाचा दात हा वर्षानुवर्षं चालणारा मार्ग आहे, आणि विशीनंतर इम्प्लांटचा विचार करायला दार उघडंच राहतं.

मुलाचा दात अखंड निखळून पडला असेल तर त्याहीआधीची गोष्ट महत्त्वाची. तो दात मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचलावा, मळला असेल तर क्षणभर पाण्याखाली धरावा आणि शक्य असेल तर तिथल्या तिथे परत खाचेत बसवावा. जमत नसेल तर दुधात ठेवावा आणि अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडे पोचावं. कायमचे दात असे परत जगू शकतात. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

दुसऱ्या बाजूचे लोकही आहेत, त्यांनाही उत्तर द्यायला हवं. जुन्या पिढीतले अनेक जण सांगतात की इम्प्लांट हे सगळं पैसे काढण्याचं तंत्र आहे, दोन्ही बाजूंचे दात घासून तीन दातांचा ब्रिज लावला की झालं. एका गेलेल्या दातासाठी दोन धडधाकट दातांचं इनॅमल काढून टाकायचं, हा व्यवहार तोट्याचा आहे. घासलेल्या दातांपैकी काहींच्या नसा पुढे मरतात, त्यांना रूट कॅनल लागतं. ब्रिजखाली कीड लागली तर तीन दात एकदम धोक्यात येतात. शेजारच्या दोन्ही दातांना आधीच कॅप असेल किंवा मोठं भरण असेल तर ब्रिज शहाणपणाचा आहे. तसं नसेल तर नाही. इम्प्लांटच्या अतिरेकावरचा राग धडधाकट दातांवर काढण्यात अर्थ नाही.

कोणत्या कंपनीचा स्क्रू, टायटॅनियम की झिरकोनिया, यावर रुग्ण खूप वेळ घालवतात आणि दवाखानेही त्यातच त्यांना गुंतवून ठेवतात. यातलं बरंचसं दुय्यम आहे. झिरकोनियाचा पांढरा इम्प्लांट पातळ हिरडीतून करडा दिसत नाही हे खरं, पण टायटॅनियमइतका दीर्घ अनुभव त्याच्या पाठीशी नाही. आणि टायटॅनियमवर झिरकोनियाचा जोडभाग बसवूनही तो करडेपणा बराच टाळता येतो. समोरच्या दातात निर्णायक ठरतं ते इम्प्लांटचं स्थान. तो ओठाकडे एक मिलिमीटर जास्त झुकला तर हिरडी सरकते, आणि त्यावर कितीही महागडी कॅप लावली तरी ती सावरत नाही. 'तीन दिवसांत पक्के दात' म्हणून विकले जाणारे एकसंध बेसल इम्प्लांट (खोलवरच्या कठीण हाडात रोवलेले) तोंडातले सगळेच दात गेलेल्या वृद्धासाठी कोणी विचारात घेईल, ती वेगळी चर्चा आहे. एकट्या पटाशीच्या दातासाठी, जिथे हिरडीला आकार द्यायचा असतो आणि गरज पडली तर स्क्रू काढता यायला हवा, तिथे ते सुचवणं समर्थनीय नाही.

राहिली जन्माची काळजी. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीचं हाड झिजू शकतं. २०१५ साली डेर्क्स आणि तोमासी यांनी केलेल्या आढाव्यात इम्प्लांट असलेल्या रुग्णांपैकी सुमारे २२ टक्क्यांत हाड झिजवणारा दाह आढळला, आणि नुसत्या हिरडीच्या सुजेचं प्रमाण तर ४३ टक्के होतं. तंबाखू, मिश्री, सिगारेट, ताब्यात नसलेला मधुमेह आणि आधीचा हिरड्यांचा आजार हे धोके वाढवतात. कॅप सिमेंटने चिकटवताना हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कणही पुरेसा होतो. म्हणून जिथे शक्य तिथे टाळूच्या बाजूने स्क्रूने घट्ट करायची कॅप मागावी. हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षानुवर्षं गोळ्या किंवा इंजेक्शनं घेणाऱ्या बायकांनी ते दंतवैद्याला आधी सांगणं अत्यावश्यक आहे, कारण त्यातल्या काही औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी, स्वच्छता, अधूनमधून एक्स-रे हा खर्च आयुष्यभराचा आहे. तो पहिल्याच दिवशी बिलाबरोबर सांगितला पाहिजे.

गिरगावकरांना दुसरं मत घ्यायला दूर जावं लागत नाही. चर्नी रोडहून दोन स्टेशनं गेलं की मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, १९३३ सालापासूनचं. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे हिरड्यांचे, कृत्रिम दातांचे आणि मुखशल्याचे स्वतंत्र विभाग आहेत, आणि समोरच्या दाताचा निर्णय खरं तर या तिघांनी मिळून घ्यायचा असतो. रांग लागते, एक सकाळ जाते. दात जाऊन आठवडा झाला असताना एक सकाळ फार नाही. दंतवैद्यांसाठीची २०१४ सालची सुधारित आचारसंहिता जाहिरातबाजी करून रुग्ण ओढणं अनैतिक ठरवते, हेही लोकांना माहीत असायला हवं.

एक शेवटची मागणी, आणि ती गिरगावात सर्वात निकडीची आहे. प्रत्येक इम्प्लांटच्या वेष्टनात कंपनीचं नाव, मॉडेल, जाडी, लांबी आणि लॉट क्रमांक असलेले स्टिकर असतात. दहा वर्षांनी आतला स्क्रू सैल झाला किंवा कॅप तुटली तर नेमका तोच भाग आणि त्याच मापाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. ही माहिती नसेल तर चांगला इम्प्लांटही काढून टाकायची वेळ येते. गिरगावातल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत, त्यातले दवाखाने बोरिवलीला, डोंबिवलीला हलत आहेत किंवा डॉक्टरांच्या निवृत्तीबरोबर बंद होत आहेत, आणि त्यांच्याबरोबर रुग्णांच्या फायलीही जात आहेत. तो स्टिकर बिलाच्या मागे चिकटवून, स्कॅनच्या प्रतीसकट, त्याच दिवशी रुग्णाच्या हातात दिला गेला पाहिजे. रुग्णाने तो मागावा. मागूनही मिळत नसेल तर स्क्रू बसवायच्या आधीच दुसऱ्या दवाखान्याचा जिना चढावा.